फ्रेटलेस: नवा घेण्याआधी जुना उघडा

'पहिलाच फ्रेटलेस बास (फ्रेट, म्हणजे पट्टीवरचे धातूचे पडदे, नसलेली बास गिटार), खिसा हलका, काय घेऊ?' याला माझं उत्तर: नवा घेऊच नका. मी इथे ग्वाल्हेरला एक जुना चार तारांचा बास घेतला आणि फ्रेट स्वतः उपटले. सोल्डरिंग आयर्नने फ्रेट आधी तापवायचा, मग पकडीने हळूहळू उचलायचा. घाई केली की लाकडाचे टवके उडतात. (माझे तिसऱ्या फ्रेटपाशी उडाले.) खाचांत पांढऱ्या लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, त्याच सुरांच्या जागा दाखवणाऱ्या रेघा झाल्या. फ्रेट गेले की तारा उंच पडतात, तेव्हा ब्रिज (तारा टेकतात ती खालची घोडी) खाली घ्या, नटच्या (वरच्या टोकाच्या आडव्या पट्टीच्या) खाचा किंचित घासा. फ्रेटलेस बाससाठी गाजलेला वादक जाको पास्टोरियस, त्याच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासच्या पट्टीवर लाकूड वाचावं म्हणून इपॉक्सीचा (कडक रेझिनचा) थर होता. ती भानगड नको असेल तर फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारा लावा. राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या, खरबरीत) तारा लाकूड खातात.

बोट मात्र रेघेच्या मागे नको, बरोबर रेघेवर. मी मोबाइलवर तानपुरा लावून सा-प घोटतो. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "अरे, सरोदलाही पडदे नसतात, तो कुठे असा रडतो?" 'सरोद घर' या वाद्यसंग्रहालयाच्या गावात राहून यावर काय बोलणार!