मदत हवी आहे: दशावताराच्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना रेघा येतात, आवाज मागे पडतो

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या (सिंधुदुर्ग) जत्रेतल्या दशावतारी नाटकांच्या नव्वदच्या दशकातल्या कॅसेट घरी आहेत. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद कलाकार उभ्या उभ्या रचतात. त्या रात्री जे बोललं गेलं ते या फितींखेरीज कुठेही उरलेलं नाही, आणि त्यातले बरेच कलाकार आता हयात नाहीत. म्हणून घाई न करता विचारतोय.

सामान: चालू व्हीसीआर, पिवळी-पांढरी-लाल पिनांची केबल, साधं यूएसबी कॅप्चर कार्ड. रेकॉर्डिंग ७२० बाय ५७६, २५ फ्रेम.

युद्धाच्या प्रसंगात तलवार फिरली की तिच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. शांत संवादात काही नाही. दुसरं, आवाज सुरुवातीला जुळतो, पण तासाभराने झांजवाल्याचे हात आधी हलतात आणि झांज मागून ऐकू येते. शिवाय एका कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. ओळखीचे एकजण म्हणाले, चालवून बघा, निघून जाईल. चालवू का?

प्रतिसाद १

बुरशीची कॅसेट अजिबात लावू नका! बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटनाही लागते. तूर्त ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वेगळ्या डब्यात ठेवा. सफाई हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

प्रतिसाद २

रेघा म्हणजे बिघाड नाही. आपल्याकडची पाल (PAL) ही टीव्ही-चित्राची पद्धत ६२५ रेघांची, त्यातल्या ५७६ चित्राच्या. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली: एकात एकाआड एक रेघा, दुसऱ्यात उरलेल्या. दोन्हींत १/५० सेकंदाचं अंतर, तेवढ्यात तलवार पुढे सरकलेली असते. ट्यूबचा टीव्ही फील्ड एकामागून एक दाखवायचा, संगणक दोन्ही एकदम दाखवतो.

मूळ रेकॉर्डिंग आहे तसंच, इंटरलेस्ड (म्हणजे दोन फील्डचं), हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये जपा. बघण्यासाठीची प्रत वेगळी काढा: क्यूटीजीएमसी किंवा बीडब्ल्यूडीआयएफ हे रेघा काढणारे फिल्टर वापरून, सेकंदाला ५० फ्रेमची. २५ वर आणलीत तर नाचातली निम्मी हालचाल गेली, आणि दशावतारात तेच तर बघायचं असतं. चित्र मागेपुढे हिसके देऊ लागलं तर फील्डचा क्रम उलटा निवडलाय असं समजा.

आवाजाचं कारण वेगळं. जुन्या फितीचा सिंक (चित्राची वेळ जुळवणारा सिग्नल) डळमळतो आणि कार्ड मधल्या फ्रेम गाळतं. चित्र लवकर संपतं, आवाज मागे राहतो. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये गाळलेल्या फ्रेमचा आकडा बघा. उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे ही वेळ सरळ करणारं उपकरण, पण ते महाग. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि कार्डाच्या मध्ये जोडले तरी सिग्नल पुष्कळ स्थिर होतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बुरशीची कॅसेट बाजूला ठेवली. छोटा तुकडा ५० फ्रेमने करून पाहिला, गिरकी आता सलग दिसते. गाळलेल्या फ्रेमही खरंच शेकड्यांनी आहेत. कोल्हापूर, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात कुणाकडे असा डीव्हीडी रेकॉर्डर पडून असेल, किंवा बुरशी काढणारा खात्रीचा माणूस माहीत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाडं देईन, स्वतः येऊन नेईन.