चौथा कॉम्प्युटर अन् गेटजवळचा पहिलाच संडास
(त्रिमूर्ती नगर, नागपूर. सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार रात्र)

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार 🙏 रविवारच्या मीटिंगला एकच विषय. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे, त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ चढत नाही. नवीन घ्यावा लागेल. कोटेशन ४६,५००. हरकत असल्यास इथेच कळवा.

बी-२०४ ताई: काका, आपण त्याच्यावर मेंटेनन्सच्या पावत्याच तर काढतो. विंडोजऐवजी लिनक्स टाकून देते मी. फुकटात होईल, अजून चार-पाच वर्षं आरामात चालेल.

सी-३०३: लिनक्स कोण शिकवणार आम्हाला? २००२ मध्ये एमएस-सीआयटी केलं तेवढंच पुरे आहे 😄

बी-१०२ काकू: माझी हरकत आहे. हा सोसायटीचा चौथा कॉम्प्युटर होऊन राहिला. गेटजवळचा संडास १९९६ चा, पहिलाच आहे. अन् त्यालाही कुलूप.

डी-४०१ पिंटू: तो बंद आहे? मला वाटलं स्टोअर रूम आहे ती

सेक्रेटरी: वहिनी, तो विषय वेगळा. टाकी फुटली होती, सारखं तुंबत होतं. वासाची तक्रार आली म्हणून २०२१ मध्ये बंद केला.

बी-१०२ काकू: मग चार वर्षांहून जास्त झाले, वॉचमन भाऊ कुठं जाऊन राहिले?

ए-१०१ काका: मागच्या रिकाम्या प्लॉटवर. माझी गॅलरी तिकडेच आहे. सकाळचा पेपर मी आता हॉलमध्ये वाचतो.

बी-१०२ काकू: बाप्पा! अन् आपल्या मावशी? सकाळी ८ पासून सहा घरं करते, २ वाजता निघते. मे महिन्यात ४५ डिग्रीत पाणी दिलं तरी घेत नाही. मला वाटे संकोच करते. परवा विचारलं तर म्हणे, पाणी पिलं तर जाऊ कुठं.

बी-१०२ काकू: मी समजायला पाहिजे होतं. मी स्वतः तेच केलं आहे. १९८२ मध्ये लग्न होऊन आली, दिवाळीची खरेदी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. निघताना चहा नाही, पाणी नाही. अख्ख्या मेन रोडवर बाईमाणसानं जावं अशी जागा नव्हती. धंतोलीत मामेसासूबाई राहत, त्यांच्याकडं पाच मिनिटं डोकवायचं. त्या गेल्या तोपर्यंत साऱ्यांना सांगत, ही सून फार मायाळू, बर्डीवर आली की मला भेटल्याशिवाय जात नाही.

बी-२०४ ताई: 😂😂 आई अजूनही बाहेर निघताना पाणी पीत नाही. मेट्रो स्टेशनात टॉयलेट आहे, सांगून सांगून थकले.

सी-२०१ आजोबा: चर्चा भरकटून राहिली. कॉम्प्युटरला कमी लेखू नका. १९९१ मध्ये परम ८००० झाला तो डॉ. विजय भटकरांमुळे. अकोला जिल्ह्यातला माणूस, इंजिनिअरिंग आपल्या नागपूरच्या व्हीआरसीईत. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले तर आपण आपला बनवला!

बी-१०२ काकू: भटकरांचा अभिमान आहेच आजोबा. गाडगेबाबाही आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच. त्यांच्या हातात काय होतं तेही आठवा.

ए-१०१ काका: मोठा मेसेज आहे, माफ करा. १९८७ मध्ये आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांच्या केबिनला कूलर होता आणि कॉम्प्युटरच्या खोलीला एसी. धूळ जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर. ती रांग पाहून गावाकडून बिल भरायला आलेले एक बुवा पायताण काढून, हात जोडून आत गेले होते.
त्याच मजल्यावरच्या संडासात चपला काढायचा प्रश्नच नव्हता, पँट पोटरीपर्यंत दुमडून जावं लागे. नळाला तोटी नाही, डबा साखळीला बांधलेला. आणि बायकांसाठी जे एक होतं, त्यात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कागदाचे खोके रचले. कागदाला ओल लागू नये म्हणून आतलं पाणी कायमचं तोडलं. तीन बाया होत्या ऑफिसात. त्या काय करत, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

डी-४०१ पिंटू: काका तेव्हा फ्लॉपी होती ना?

ए-१०१ काका: सव्वापाच इंची, ३६० केबीची. तू रोज सकाळी इथं टाकतोस तो ३ एमबीचा सूर्योदय नऊ फ्लॉप्यांत भरावा लागला असता. तेव्हा तू नव्हतास ते बरं.

सी-३०३: उघडायला हरकत नाही, पण साफ कोण करणार? पुन्हा तोच वास.

बी-२०४ ताई: हाच खरा मुद्दा आहे. बिंदेश्वर पाठकांनी १९७० मध्ये सुलभ सुरू केलं, तेव्हा दोन खड्ड्यांचा साधा संडास होता: एक भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. मैला हातानं उचलायची वेळ कोणावर येऊ नये हा हेतू. पण १९७४ मध्ये पाटण्याला पैसे देऊन वापरायचं सुलभ आलं, ते टिकलं कारण दारात माणूस बसवला होता आणि त्याच्या पगाराची सोय होती. आपण बांधतो, फीत कापतो आणि पगाराचं विसरतो.

बी-१०२ काकू: सुलभचं म्हणशील तर पुरुषांची लघवी फुकट अन् आम्हाला पैसे, हे किती ठिकाणी पाहिलं.

बी-२०४ ताई: मुंबईत त्याच्यावरून बायकांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीमच काढली होती काकू.

सी-३०३: आणि उघडा ठेवला तर डिलिव्हरीची पोट्टी पण येतील.

बी-१०२ काकू: येऊ द्या. तुमचा पिझ्झा घेऊनच येतात ना?

ए-१०१ काका: अँटिव्हायरस दरवर्षी ११०० रुपये देऊन रिन्यू करतो, कोणी विचारत नाही की व्हायरस आला का. सफाईवाल्याला महिन्याला १२०० म्हटलं की सगळ्यांना हिशेब आठवतो.

सी-२०१ आजोबा: मान्य. माझी हरकत मागे.

सेक्रेटरी: ठीक आहे. रविवारी दोन्ही विषय घेऊ. बी-२०४ नी लिनक्स टाकून दाखवावं. जमलं तर त्या पैशातून टाकी, भांडं, दार, आणि आतून कडी.

बी-१०२ काकू: अन् लाइट. अन् डस्टबिन, झाकणाचं.

सेक्रेटरी: लिहिलं. प्लंबरला उद्या ९ वाजता बोलावतो, त्याला आतून पाहावं लागेल. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे?

सी-३०३: माझ्याकडे नाही

डी-४०१ पिंटू: वॉचमन काकांना विचारलं, ते म्हणतात त्यांना कधी दिलीच नाही

ए-१०१ काका: ऑफिसात कॉम्प्युटरच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर. पहिल्या कॉम्प्युटरच्या सीड्यांखाली पाहा.