धडपडीचे व्हिडिओ आणि लहान मुलं: काय दाखवता, काय गाळता?

रेवा_क
'अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज' हा लोकांच्या घरगुती फजितीच्या क्लिपांचा टीव्ही कार्यक्रम परत नजरेला पडला आणि जुनं सगळं आठवलं. १९८९मध्ये आधी एकच खास भाग, मग १९९०पासून मालिका. कल्पना मुळात एका जपानी कार्यक्रमातली. चार-पाच वर्षांच्या मुलांना असली आपटाआपटी दाखवावी का? दाखवत असाल तर कशी, ते लिहा. "बंद करा टीव्ही" सोडून बोला.

पिंगळा
क्लिप कुठे कापलीय ते आधी बघा. झोका तुटतो, मूल आपटतं, 'टुंईंग', हशा, पुढची क्लिप. पाच-दहा सेकंदांत खेळ खलास. रडणं, टेंगूळ, बर्फ हे सगळं कापलेल्या भागात. पाच वर्षांच्या मुलाला ही कात्री दिसत नाही, त्याच्यासाठी पडलं की लोक हसतात एवढंच खरं. यावर उपाय म्हणजे तीच क्लिप आवाज बंद करून बघायची. हशा आणि निवेदन गेलं की बऱ्याच क्लिपांत फक्त घाबरलेलं पोर उरतं. त्या गाळा.

मुसळधार
+१. आणि पडायच्या जरा आधी पॉज करा. "आता काय होणार? कशामुळे?" फरशी ओली आहे, खुर्चीला चाकं आहेत, शिडी कलली आहे... पोरं बरोब्बर ओळखतात. मग "याला कुठे लागलं असेल?" तीन-चार क्लिपांनाच करा हं, नाहीतर तासिका होते.

खिडकीपाशी
तासिका =))
गृहपाठ पण द्या.

अण्णा_दुपारचे
१९६१ आणि १९६३चे मानसशास्त्रज्ञ बांडुराचे बाहुलीचे प्रयोग कुणीच काढले नाहीत अजून? मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना बघून मुलांनी तसंच मारलं, पडद्यावर बघूनसुद्धा.

खिडकीपाशी
अण्णा, ती बाहुली ढकलली की परत उभी राहणारी होती. दुसरं काय करणार तिचं?

अण्णा_दुपारचे
मान्य. पण मुलांनी नुसतं मारलं नाही, तोच हातोडा, तेच शब्द वापरले. नक्कल तपशिलासकट होते. म्हणून सोफ्यावरून उडी, छपरावरून उडी अशा घरी करता येण्याजोग्या क्लिपा आधी काढायच्या. केकमध्ये तोंड आपटलं तर आपटू दे.

तारामती
ट्रॅम्पोलिनच्या पण काढा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ घरच्या ट्रॅम्पोलिनला नकोच म्हणतात. जवळपास पाऊण दुखापती एकावेळी एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात आणि त्यात सगळ्यात हलकं मूल सापडतं. जड माणूस उतरला की चादर वर येते, छोटं भलत्याच वेळी उडतं. बाजूच्या जाळीवर भिस्त ठेवू नका. व्हिडिओत हमखास तीन-चार जण असतात, त्याशिवाय गंमत कुठली!

रेवा_क
हे कामाचं. फोनवरच्या 'फेल' क्लिपांचं काय?

पिंगळा
टीव्हीवर निदान कुणीतरी निवडून दाखवतं. फोनवर ऑटोप्ले पुढचं काहीही आणतो. तो बंद करा. यूट्यूब किड्समध्ये फक्त पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल अशी सेटिंग आहे, ती लावा. सोय म्हणून टायमरही आहे.

मुसळधार
पडण्यापेक्षा मला रडवण्याच्या क्लिपा जास्त खटकतात. "तुझी हॅलोविनची मिठाई आम्ही संपवली" म्हणायचं आणि कॅमेरा तोंडावर. पडणारा निदान चुकून पडतो. मोठ्यांनी ठरवून रडवलंय का, एवढं बघायचं. असेल तर पुढे.

अण्णा_दुपारचे
बक्षीस असलं की ठरवणं आलंच. 'यूव्ह बीन फ्रेम्ड' या तसल्याच ब्रिटिश कार्यक्रमात क्लिपमागे २५० पौंड मिळायचे. बरोबर चौकटीच्या मधोमध कुणी घसरत असेल आणि कॅमेरा जरासुद्धा हलत नसेल तर संशय घ्यावा.

तारामती
कुत्रा-बाळ क्लिपा राहिल्या. बाळ गळ्यात पडलंय, कुत्रा अंग ताठ करून मान फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. तो लाडात आलेला नाही, "सोडा मला" म्हणतोय. मुलांना या खुणा याच क्लिपांवर शिकवता येतात, आवाज बंद ठेवून.

खिडकीपाशी
आणि जेवणाऱ्या मांजरामागे गुपचूप काकडी ठेवून दचकवतात, त्या क्लिपा?

तारामती
अजिबात नको. जेवताना दचकवलं तर त्या जागी जेवायलाच बिचकेल.

खिडकीपाशी
रोबो झाडूवर बसलेलं मांजर तरी चालेल ना ताई?

तारामती
स्वतः चढलं असेल तर चालेल. बसवलं असेल तर उतरवा.