मदत हवी आहे: इंजिनिअरिंगच्या मुलांना मानवी हक्क शिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवतो. यंदा 'मानवी हक्क आणि व्यावसायिक नीतिमत्ता' हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. आठवड्याला दोन तास, तेही जेवणानंतरचे. क्रेडिट नाही, नुसतं पास व्हायचं. पहिले तीन आठवडे संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्यातली ३० कलमं वगैरे रीतसर शिकवलं. मुलं हजेरीपुरती बसायची. मीही कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग एकदा त्यांच्यातल्याच एकाचं ड्रॉइंग शीट फळ्यावर लावलं. मॅनहोलचा उभा छेद. आतल्या भिंतीला लोखंडी पायऱ्या, अगदी मापात काढलेल्या. विचारलं, "या कुणासाठी?" बराच वेळ कुणी बोलेना. मागून एक मुलगी म्हणाली, "उतरणाऱ्यासाठी, सर." मग जुंपली. एक म्हणतो, कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, आहेत म्हणून काढतो. दुसरा म्हणाला, २०१९ चा पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीतलं गटार उपसायला माणूसच उतरला होता, बनियनवर.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कुणाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. हे मला आदल्या रात्री वाचून कळलं, आणि मॅनहोल मी पंधरा वर्षं शिकवतोय.

आता अडलंय ते असं. मुलं म्हणतात, हे काम करणाऱ्या कुणाला तरी वर्गात बोलवा. बोलवावं असं मलाही वाटतं, पण त्या माणसाला नमुना म्हणून उभं केल्यासारखं व्हायला नको. मानधन तर द्यायलाच हवं, आणि आमच्याकडे पाहुण्या व्याख्यात्याच्या फॉर्मवर पदवीचा रकाना आहे! कुणी असं बोलावणं केलंय का? कसं जमवलंत?

दुसरं, मार्क कशावर द्यायचे? निबंध दिला की साठच्या साठ जण 'माणुसकी हाच खरा धर्म' लिहून मोकळे होतात. कुणाला खाली उतरावंच लागणार नाही असं मॅनहोल काढा, असं देणार होतो. पण मग ते पुन्हा डिझाइनचंच सबमिशन झालं ना?

गुरुवारी पुढचा तास आहे. त्याआधी काही सुचवलंत तर बरं होईल.