पोटरी दुखते म्हणून थेट स्टेंट?

पार्कवाला: बाबा ६९ वर्षांचे. वीस वर्षं शुगर, विडी दोन वर्षांपूर्वी सुटली. शिवाजी पार्काच्या एका फेरीत आता दोनदा कट्ट्यावर टेकतात. उजवी पोटरी आवळून येते, दोन मिनिटं बसलं की साफ, उठून तेवढंच चाललं की पुन्हा तेच. वर्षभर आम्ही साइटिका समजून मालिश करत बसलो. शेवटी घोट्याचं बीपी दंडाच्या बीपीशी ताडून पाहिलं, आकडा ०.६ (०.९च्या खाली आला की गडबड). मांडीतली धमनी तुंबलेली निघाली. रिपोर्ट हातात पडतो न पडतो तोच स्टेंटची तारीखही आली.

माझं मत: जखम नाही, रात्री दुखत नाही, तर आधी गोळ्या आणि देखरेखीखाली चालणं. आठवड्यातून तीनदा, तीन महिने. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. २०१२च्या अमेरिकेतल्या ‘क्लेव्हर’ अभ्यासात सहा महिन्यांनी असे रुग्ण स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालत होते.

विरारफास्ट: दादा, अर्धंच सांगितलंत. तो अभ्यास पोटातून जांघेकडे उतरणाऱ्या धमन्यांचा, बाबांची मांडीतली. शिवाय ‘रोजचं जगणं सुधारलं’ असं त्यात स्टेंटवाल्यांनीच जास्त सांगितलं, आणि दीड वर्षाने चालण्यात दोघं जवळपास बरोबरीत. आणि मुंबईत चालायचं कुठे, फुटपाथवर? मी ५४चा. दादरच्या पुलावर मध्येच थांबलो की मागून शिव्या. स्टेंट घातला, पंधरा दिवसांत पूल एका दमात. तीन वर्षं झाली.

कॅथलॅबवाला: तुमचा स्टेंट नेमका कुठे आहे?

विरारफास्ट: जांघेच्या वर, ओटीपोटात.

कॅथलॅबवाला: मग बाबांना तुमचा दाखला लागू नाही. तिथली धमनी रुंद, फारशी हलत नाही, स्टेंट वर्षानुवर्षं टिकतो. मांडीतली मात्र उठता-बसता वळते, पिळते, आखूड होते. स्टेंटची निटिनॉल धातूची जाळी लवचिक असली तरी कधी तुटते, कधी आतून पेशी वाढून पुन्हा बंद होते. ब्लॉकेज जितकं लांब तितका धोका जास्त. गुडघ्यामागे तर शक्यतो घालतच नाहीत. मी रोज कॅथलॅबमध्ये, स्टेंट घालतात त्या टेबलाशी उभा असतो, स्वतःच्याच धंद्याविरुद्ध बोलतोय म्हणा. आणि हो, २०१७ला सरकारने दर बांधले ते हृदयाच्या स्टेंटचे, पायाचे त्यात नव्हते. खर्चाचा आकडा आधी लेखी घ्या.

लालबागची सून: ‘आधी चाला’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सासूबाईंना नव्या चपलेने अंगठ्याला घासलं, तांदळाच्या दाण्याएवढं. शुगरमुळे त्यांना कळलंच नाही, आम्ही हळद लावली. रात्री खाटेवरून पाय खाली सोडून बसायच्या, तसं बसलं की दुखणं कमी व्हायचं. आम्हाला वाटायचं उकडतंय. दवाखाना गाठला तेव्हा अंगठा काळा. फुग्याने गुडघ्याखालच्या धमन्या उघडल्या, पाऊल वाचलं, दोन बोटं गेली.

पार्कवाला: वहिनी, म्हणूनच ‘जखम नाही’ हे आधी लिहिलं. तुमच्यासारखं झालं तर मी एक दिवसही थांबणार नाही.

लालबागची सून: लिहिलंत हो. पण बाबांचे तळवे शेवटचे कधी पाहिलेत?

कॅथलॅबवाला: वहिनींचा प्रश्न कळीचा आहे. पाय जायची वेळ आली की वाद चालण्याचा राहत नाही, फुगा की बायपास एवढाच उरतो. त्यातही एकमत कुठाय? २०२२च्या ‘बेस्ट-सीएलआय’ अभ्यासात बायपासला लागणारी पायाची शीर चांगली असलेल्यांना बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी ‘बेसिल-२’ने गुडघ्याखालच्या आजारात उलटा कौल दिला.

विरारफास्ट: बरं, धमनी वेगळी, मान्य. तरी तीन महिने चालवून फरक पडला नाही तर हटून बसू नका एवढंच. आणि विडी घरी सुटली म्हणता, कट्ट्यावर चौकशी केलीत का?

पार्कवाला: तळवे पाहिले. टाचेला भेगा आहेत, जखम नाही. मग काल फेरीला मागोमाग गेलो. दोनदा टेकतात म्हटलं ना, त्यातलं पहिलं टेकणं पोटरीसाठी. दुसरं विडीसाठी.