चौदा महिन्यांची मुलगी अजून चालत नाही, नातेवाइकांना काय सांगावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. ती भराभर रांगते, दिवाणाच्या कडेला धरून टोकापर्यंत सरकते, परंतु हात सोडून चालत नाही. सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या जणी 'अजून पाऊल टाकलं नाही?' असे विचारतात आणि वॉकर आणण्याचा आग्रह धरतात. मन फार बेचैन होते. त्यांना न दुखावता काय सांगावे?

उत्तर १:
जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी मुले साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराविना चालू लागतात, आणि काही मुले तर रांगण्याचा टप्पाच गाळतात. त्यामुळे धरून सरकणाऱ्या आपल्या मुलीबाबत आताच धास्ती घेण्याचे कारण दिसत नाही. वॉकर मात्र मुळीच आणू नका. तो उंबऱ्याला अडकून उलटतो, पायऱ्यांवरून मुलासकट खाली जातो, आणि त्यामुळे चालणे लवकर येते असेही नाही.

उत्तर २ (कराड):
ताई, सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी पुढच्या लसीकरणाला त्यांनाच सोबत न्या. आमच्या घरी सुनेने दहा वेळा सांगून जे पटले नाही, ते डॉक्टरांनी एकदाच सांगितल्यावर पटले. काकूंना 'डॉक्टरांनी पाहिले आहे' एवढे उत्तर पुरेसे आहे.

उत्तर ३:
वरील मतांशी सहमत आहे; तथापि १८ महिन्यांपर्यंत चालणे आले नाही, येत असलेली गोष्ट बंद झाली किंवा शरीराची एकच बाजू अधिक वापरली जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची विकासविषयक तपासणीही विनामूल्य होते. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी.