मदत हवी आहे: प्लॅटीची पिल्लं दिसतच नाहीत आणि मासे जागच्या जागी थरथरतात

अर्धा_कप_चहा

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

घरी दोन फुटी टाकी आहे, पन्नासेक लिटर पाणी मावतं. त्यात प्लॅटी (लहान रंगीत मासे, थेट पिल्लं घालणारे): तीन नर, दोन माद्या, काही लाल तर काही शेपटीपाशी तीन काळे ठिपके असलेले 'मिकी माऊस'. सोबत एक एंजल मासा, तो आमच्या मातोश्रींचा लाडका. प्लास्टिकची दोन झाडं, आत बसवायचा मोटरचा फिल्टर. थंडीत हीटर लावतो, तापमान २५ अंशांच्या आसपास असतं.

अडचणी दोन. मोठ्या मादीचं पोट महिनाभरात टम्म फुगतं, वरून बघितलं तर जवळजवळ चौकोनी दिसतं, आणि एका सकाळी एकदम सपाट. पिल्लू मात्र एकही नाही. दुकानदार म्हणाला, गॅस झाला असेल.

दुसरी जास्त काळजीची. एक नर आणि लहान मादी पर मिटून एका जागी उभे राहतात आणि नुसतं अंग हलवत राहतात. पोहल्यासारखं करतात, पण पुढे सरकत नाहीत. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, खातात. दुकानातून निळं औषध आणलं, मीठही घातलं, फरक शून्य.

पाणी म्हणाल तर बाणेरला राहतो, सोसायटीत बोअर आणि टँकर मिसळून येतं. बादल्यांवर पांढरा थर बसतो, गिझर दरवर्षी उघडावा लागतो. असलं पाणी माशांना कुठे द्यायचं म्हणून टाकीत पहिल्यापासून आरओचंच पाणी आहे.

ब्रीडिंग बॉक्स घेऊ का? आणि स्वोर्डटेलची एक जोडी आणायचा विचार आहे, प्लॅटीबरोबर चालतील ना?

जुना_खोडकर

गॅस! माशाला पण ओव्याचा अर्क द्या म्हणावं.

अहो, पिल्लं झाली आणि सकाळ व्हायच्या आत एंजलने फस्त केली. मातोश्रींच्या लाडक्याला दर महिन्याला जेवणावळ चालू आहे.

पाणवठा

खोडकर म्हणतात ते बरोबर. एंजल नसता तरी प्लॅटी स्वतःची पिल्लंही खातात, आईसुद्धा. पण आधी थरथरण्याचं बघू. नळाच्या, आरओच्या आणि टाकीतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) किती? टाकीचा पीएच आणि अमोनिया? अमोनिया थेंबांच्या किटने मोजा, कागदी पट्टीवर फार विसंबू नका. आणि मीठ कुठलं घातलं?

अर्धा_कप_चहा

धन्यवाद ताई. नळ ६१०, आरओ ३५, टाकी १४०. पीएच ६.४. अमोनियाचा रंग ०.२५ च्या खुणेशी जुळतोय. मीठ साधंच, खडे मीठ.

पाणवठा

मग झालं निदान. औषधं बंद करा.

प्लॅटी मूळचे मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ या पट्ट्यातले. त्यांना कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं जड पाणी लागतं, पीएच सातच्या वर, आठपर्यंत गेला तरी मजेत असतात. आरओ नेमके तेच क्षार काढून टाकतो. अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी काही आठवड्यांनी असे पर मिटून जागेवर डोलायला लागतात. हा जंतूंचा आजार नाही, त्यामुळे निळ्या औषधाचा उपयोग नाही. टाकीचा टीडीएस आरओपेक्षा जास्त दिसतोय तो बराचसा मिठाचा. मिठात सोडियम असतं, त्याने आकडा वाढतो, पाणी जड होत नाही.

म्हणजे ज्या पाण्याने तुमचा गिझर खराब होतो, तेच तुमच्या माशांना हवंय.

पण उद्याच बादलीभर ओतू नका! पीएच ६.४ ला टाकीतला अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. पीएच वर गेला की त्यातला काही भाग विषारी अमोनियात बदलतो. घाईघाईत पाणी 'सुधारून' मासे मारणारे लोक मी बघितलेत. म्हणून आधी अमोनिया शून्यावर आणा: खाणं निम्मं करा, तळातली घाण सायफनने काढा, फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. त्यातले उपयोगी जिवाणू नळाच्या क्लोरीनने मरतात.

अमोनिया शून्य आला की दर तीन-चार दिवसांनी पाच लिटर काढा आणि पाच लिटर नळाचं घाला. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असू शकतं, तेव्हा अँटीक्लोरीनचे थेंब टाकून मगच. महिनाभरात टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी हळूहळू नळाचं होईल. बोअरचं पाणी आहे तर एकदा नायट्रेटही तपासा.

घाटावरचा

ताईंना अनुमोदन. आमच्याकडे रत्नागिरीला उलटं आहे, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच मऊ आणि आंबटसर. मी फिल्टरमध्ये संगमरवराचे तुकडे जाळीच्या पिशवीत ठेवतो, हळूहळू विरघळतात. तुम्हाला गरज नाही.

तीन नर, दोन माद्या हे गणित उलटं करा. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर दिवसभर मादीच्या मागे लागून तिला दमवतात. नर ओळखायची खूण तुम्हाला माहीत असेलच: पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार, मादीचा पंख्यासारखा पसरट. आणि नर सगळे काढून टाकले तरी पिल्लं लगेच थांबणार नाहीत. मादी नराचं बीज साठवून ठेवते, पुढचे काही महिने एकटीही पिल्लं घालते.

मृद्गंध

मुळात काचेच्या डब्यात जीव कोंडायचेच कशाला?

जुना_खोडकर

त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे शंभर प्रतिसाद नक्की.

पाणवठा

ब्रीडिंग बॉक्सबद्दल: मी घेणार नाही. एवढ्याशा खोक्यात मादी घाबरते, कधीकधी अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. तेवढ्या पैशात हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास या पाणवनस्पतीचा मोठा जुडगा आणा आणि पाण्यावर तरंगता सोडा. पिल्लं जन्मल्या जन्मल्या वर जाऊन त्यात लपतात. गर्भारपण साधारण चार आठवड्यांचं, एका वेताला वीस-तीस पिल्लं सहज. त्यातली चार-पाच जगली तरी दोन फुटी टाकीला पुष्कळ. एंजलला मात्र दुसरं घर बघाच. त्याला मऊ पाणी आवडतं आणि दोन फूट त्याला अपुरेच आहेत.

आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. सेंटीमीटरपेक्षा लहान पिल्लू मोटर सहज ओढून घेते.

अर्धा_कप_चहा

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लगेच फिल्टर उघडला. स्पंजच्या मागच्या कप्प्यात दोन पिल्लं!! जिवंत! एक तर चांगलं पाऊण इंचाचं, शेपटीशी तिन्ही ठिपके दिसतायत. स्पंजला चिकटलेला गाळ खाऊन तिथेच वाढलं असणार. मातोश्री म्हणाल्या, एंजलपासून वाचायला बरी जागा शोधली. एंजल माझ्या मावसभावाकडे जातोय, त्याची उंच टाकी आहे.

पिल्लांना काय घालू? आणि स्वोर्डटेलचं राहिलं.

घाटावरचा

वा! नेहमीचे फ्लेक्स बोटांनी भुकटी करून चिमूटभर, दिवसातून तीनदा. मिळालं तर आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव). उकडलेल्या अंड्याचा बलक लोक सांगतात, चालतो, पण कणभरच, पाणी लगेच नासतं.

पाणवठा

स्वोर्डटेल आणि प्लॅटी भाऊबंदच, दोघेही झिफोफोरस या एकाच गटातले. एकत्र ठेवले की संकर होणार, आणि संकरित पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. दुकानातले बहुतेक रंगीत प्लॅटी तसेही अशाच संकरातून आलेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. काळे डाग असलेल्या काही प्लॅटींचा स्वोर्डटेलशी संकर केला आणि ती पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलशी जुळवली, की काहींच्या डागांची गाठ होते, चक्क त्वचेचा कर्करोग. १९२० च्या दशकात मायरन गॉर्डन आणि कर्ट कॉसविग या शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून हे दाखवलं, आणि कर्करोगाच्या अभ्यासात हे मासे आजही वापरतात. प्लॅटीचा पूर्ण जीनोम (सगळी जनुकीय माहिती) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तोही त्याच संशोधनातून. घरच्या टाकीत घाबरण्यासारखं काही नाही, पण प्लॅटीचा वाण शुद्ध ठेवायचा असेल तर स्वोर्डटेल नकोत. शिवाय ते बरेच मोठे होतात, उड्याही मारतात, झाकण लागेल.

जुना_खोडकर

वाचनखूण साठवली. मिकी माऊसकडे आता वेगळ्या नजरेने बघणार.

मृद्गंध

बरं, विरोध बाजूला ठेवून विचारते. दर महिन्याला वीस-तीस होणार तर जादा पिल्लांचं करायचं काय? आमच्या शेजाऱ्यांनी गणपतीच्या हौदात सोडली होती.

पाणवठा

विहीर, हौद, नदी, कुठेही सोडायची नाहीत. पालिका डासांसाठी गप्पी सोडते म्हणून आपणही सोडावेत असं नाही. बाहेरचा मासा एकदा ओढ्यात रुळला की तिथल्या लहान देशी माशांचं खाणं आणि जागा दोन्ही जातं. दुकानदार बहुतेक वेळा फुकट घेतात, नाहीतर ओळखीत वाटा. अर्धा कप चहा, तुमची दोन मोठी झाली की तीन महिन्यांच्या आत नर-मादी बघून वेगळी करा, नाहीतर बहीण-भावांचीच पुढची पिढी सुरू होईल.

अर्धा_कप_चहा

अमोनिया आज शून्य दाखवतोय. पहिले पाच लिटर उद्या सकाळी. हॉर्नवर्ट पुण्यात कुणाकडे जास्तीचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, बदल्यात पुढच्या वेतातली पिल्लं देईन.

घाटावरचा

आणलेलं झाड टाकीत टाकण्याआधी दोन-तीन दिवस वेगळ्या बादलीत ठेवा. गोगलगायी येतात बरोबर.